रिंग आणि रापण

रिंग आपोआप पडते, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. माझ्या नवऱ्याने नेमकं तेवढंच ऐकलं. पुढचं सगळं मी ऐकलं, कारण ऐकून घ्यायचं काम आमच्या घरात माझ्याकडेच असतं.

त्याला डॉक्टरकडे न्यायलाच मला पाच वर्षं लागली. लग्न झालं तेव्हापासून परशुरामाला त्रास होता. पुढची कातडी इतकी घट्ट, की मागे सरायचीच नाही. जवळ यायचा तर वेदनेने कळवळायचा, आणि मधूनच तिथे सूज येऊन तापाने फणफणायचा. वादळात होडी घालणारा माणूस, पण ही गोष्ट कुणाला दाखवायची म्हटलं की दातखीळ बसायची. मूल होणार कुठून? पण वाडीत वांझ ठरले ती मी. बारशाला मला मागे बसवायचे. माझी सासू राधाबाई येता-जाता सुस्कारे टाकायची. परशुराम हे सगळं बघायचा आणि खाली मान घालून जाळं विणत बसायचा. माझा त्याच्यावर जीव होता म्हणून मी गप्प होते. पण जीव असला म्हणून राग येत नाही, असं थोडंच आहे?

त्या दिवाळीत सासूने त्याच्या दुसऱ्या लग्नाचा विषय काढला, आणि माझं डोकं फिरलं. रात्रीची वाट न बघता मी त्याला होडीमागे गाठलं.

"एक तर माझ्यावांगडा कुडाळाक डॉक्टराकडे चल," मी म्हटलं, "नायतर मी विजयदुर्गाक म्हायेराक जातंय आणि कित्याक इलंय ता सगळ्यांका सांगतंय."

तो तयार झाला, पण एका अटीवर. आईला नाही, वाडीला नाही, कुणाला म्हणजे कुणालाही कळता कामा नये. झाकली मूठ सव्वा लाखाची. आम्ही कुडाळच्या नातलगाकडे जातो म्हणून निघालो.

कुडाळचे डॉक्टर शांत होते. त्यांनी प्लास्टिकची एक रिंग आमच्यासमोर धरली. घट्ट कातडी मोकळी करायची, ही रिंग आत बसवायची, वरून दोरा आवळायचा आणि जास्तीची कातडी काढून टाकायची. टाके नाहीत, रक्तही फारसं जात नाही. आठवडाभरात राहिलेली कड सुकते आणि रिंग गळून पडते. मोठ्या माणसांसाठी ही पद्धत आमच्याकडे तेव्हा नवीनच होती, त्यामुळे त्यांनी बजावूनही सांगितलं.

"सुरक्षित आहे, पण लक्ष ठेवावं लागतं. तीन दिवसांनी मला दाखवायला या. जड काम नाही, ओढाताण नाही, घट्ट काही बांधायचं नाही. आणि रिंग मागे सरकली, पुढचा भाग सुजून रंग बदलला किंवा लघवी अडली, तर वाट बघायची नाही. तसेच निघून या."

परशुरामाने मान डोलावली. बाहेर पडल्यावर मला म्हणाला, "आपणच पडतली म्हणता. मगे कसलो ताप?"

पहिले दोन दिवस खरंच काही ताप नव्हता. लुंगी सैल सोडून तो होडी दुरुस्त करायच्या निमित्ताने सावलीत बसून राहिला. दाखवायला जायच्या दिवशी एसटीच्या थांब्यावर बाबलीकाका भेटले. हे आमच्या रापणीचे म्होरके. पुन्हा कुडाळला कशाला, असं त्यांनी सहज विचारलं, आणि हा पठ्ठ्या "खंयच नाय, असोच फिरतंय" म्हणून घरी परत आला. चोराच्या मनात चांदणं! मी चिडले, बोलले, भांडले. उद्या जाऊ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून हाक आली. "माशे लागले रे! येवा सगळे!"

रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं जाळं. होडीने ते समुद्रात अर्धगोल टाकून येतात, आणि मग दोन्ही टोकांचे दोर धरून सगळे पुरुष ते किनाऱ्यावर खेचतात आणि मासे वाट्याने वाटून घेतात. दोर कमरेला टेकवायचा, टाचा वाळूत रोवायच्या आणि मागे रेलायचं. बांगड्याचा थवा लागला की हातापायाने धड असलेला कोणी घरी बसत नाही. परशुराम तर सगळ्यांच्या देखत धडच होता.

मी दारात आडवी उभी राहिले. "जावचा नाय."

"मगे काय सांगू? घरात कित्याक बसलंय ता?"

"पोटात दुखता म्हणान सांग. कायव सांग!"

"बाजूक हो गो."

त्याने आत जाऊन लंगोट कसला, रोज रापणीला कसतो तसाच आवळून, आणि गेला. मी पाठोपाठ गेले. ज्या दोराला वीसजण लटकले होते, त्यात तो सगळ्यात पुढे होता. प्रत्येक हिसक्याला त्याचे ओठ पांढरे पडत होते. जाळं वर आलं, चंदेरी बांगडे फडफडले, सगळ्यांनी आरोळ्या ठोकल्या. मला त्या माशांकडे बघवलं नाही.

त्या दिवशी तो जेवला नाही. विचारलं तर भिंतीकडे तोंड. सूज आली का? "येतली थोडी." दाखव मला. "तुका काय कळता?" दुसरा दिवस उजाडला तरी तेच. त्याने सकाळपासून पाण्याचा घोट घेतला नव्हता, आणि हे माझ्या ध्यानात आलं दुपारी, मी मासे विकून मालवणच्या बाजारातून परतल्यावर. जो माणूस पाणी प्यायला घाबरतो, त्याची लघवी अडलेली असते. एवढं कळायला डॉक्टर व्हावं लागत नाही.

तो न्हाणीत होता. दाराला आतून कडी. सासू अंगणात सुकटं परतत होती, म्हणून मी दाराला तोंड लावून हळूच विचारलं.

"काय करतास?"

आतून त्याचा आवाज आला, दातांत आवळलेला. "रिंग मागे गेली. कापून टाकतंय. मगे सुटलंय."

"कित्यान?"

"सुरयेन."

जाळं कापायची त्याची सुरी. तिला धार अशी, की नायलॉनचा दोर लोण्यासारखा कापते. ती रिंग कडक. सुरी रिंगवरून निसटली तर कुठे शिरणार, हे मला दिसत होतं.

"सुरी खाली ठेव," मी म्हटलं.

"तू जा थंयसून."

मी दारावर थाप मारली. सासूने मान वर केली. "काय झाला गो? आत काय करता तो?"

आता खरं सांगावं तर नवऱ्याला दिलेला शब्द मोडतो, आणि न सांगावं तर नवराच हातचा जातो. खरंच सांगते, मी शब्दाचा विचार एक श्वासभरसुद्धा केला नाही. कोपऱ्यातलं वल्हं उचललं आणि दारावर घातलं. जुनी कडी, दुसऱ्या तडाख्याला निखळली.

तो भिंतीला टेकून उभा होता, सुरी हातात. अजून काही केलं नव्हतं. मी सुरी काढून घेतली आणि पहिल्यांदाच नीट बघितलं. रिंग मागे सरकून रुतली होती, आणि तिच्यापुढचं सगळं टम्म सुजून जांभळं पडलं होतं. मला रडू फुटलं, पण रडत बसायला वेळ नव्हता. दुकानातल्या फोनवरून मी डॉक्टरांना गाठलं.

"हात लावू नका. कापू नका, ओढू नका," ते म्हणाले. "आत्ता निघा. मी थांबतो."

वाडीतल्या यतीनची रिक्षा मिळाली. परशुरामाला दोघांनी धरून बसवेपर्यंत सासू आत चढून बसलीसुद्धा. कुडाळपर्यंतचा तो रस्ता मी जन्मात विसरणार नाही. प्रत्येक खड्ड्याला तो माझ्या मनगटात नखं रुतवत होता, आणि पलीकडून सासूचं चालूच होतं.

"पाच वर्सां पाळणो हललो नाय. आता माझो झीलच गिळतलंस काय गो? माझ्या धडधाकट झिलाक काय केलंस?"

मी परशुरामाकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले. त्या क्षणी त्याला वाचवायला निघालेल्या मलाच त्याला रिक्षेतून ढकलून द्यावंसं वाटलं.

डॉक्टरांनी त्याला थेट आत घेतलं. आम्ही दोघी बाकावर. सासू गणपतीला नवस बोलत होती. माझ्या मनात एकच होतं, की जे काळंनिळं पडलंय ते पुन्हा जिवंत होईल का. आतून तो एकदा मोठ्याने ओरडला.

डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या हातात कापलेल्या रिंगचे दोन तुकडे होते.

"रंग परत येतोय. लघवी झाली. वाचला," ते म्हणाले, आणि मग त्यांचाही आवाज चढला. "अहो, रिंग क्वचित सरकते, म्हणून तर तिसऱ्या दिवशी बोलावलं होतं! मी काय हौसेने बोलावतो? आणखी उशीर झाला असता, तर रिंगबरोबर बरंच काही काढावं लागलं असतं."

सासूने विचारलं, हे कसलं ऑपरेशन. डॉक्टरांनी परशुरामाची परवानगी घेऊन तिला आत नेलं आणि समजावलं. ती बाहेर आली ती तोंडाला पदर लावून. माझ्याकडे तिने बघितलं नाही. त्याच रिक्षेतून आम्ही घरी आलो.

अंगणात अर्धी वाडी जमली होती, आणि पुढे बाबलीकाका. मी परशुरामाला आत निजवलं. बाहेर सगळे सासूला विचारत होते, काय झालं, काय झालं. सासू जरा अडखळली, मग म्हणाली, "हर्नियाचा ऑपरेशन. आता बरो आसा."

आई ती आईच. पोराला झाकलंन. मी तेही गिळलं असतं. पण शेजारची जानकी सुस्कारा टाकून म्हणाली, "काय करशात राधाबाय? सुनेचो पायगुणच तसो. पोर नाय तर नाय, वर घोवाचा पण असा."

माझ्या मागे खाट करकरली. मी वळले, तर परशुराम उठून उभा. लुंगी दोन्ही हातांनी पुढे धरलेली, पाय फाकलेले, चेहरा घामाने निथळलेला. बघणारा हसला असता. मी त्याला धरायला गेले तर त्याने मान हलवली आणि तसाच फेंगडा चालत दारापर्यंत गेला.

"आये, हर्निया नाय," तो म्हणाला. "पोर होयना ता माझ्यामुळे. माझो आजार होतो, पयल्यापासून. आता तेचाच ऑपरेशन केलंय. हिच्यात कायएक दोष नाय. हिका परत कोणी वांझ म्हणू नकात."

जानकीने पदर सारखा केला. मग बाबलीकाका कपाळावर हात मारत पुढे आले.

"अरे मेल्या, मगे रापणीक इलंस कित्याक? आजारी माणसाचो वाटो आजपर्यंत कोणी खाल्लो? घराकडे धाडलो असतो! नुसतो 'बरो नाय' म्हणान सांगलं असतंस तरी पुरे होता."

परशुराम खाली बघत उभा राहिला. मी त्याला धरून आत आणलं, उशी सारखी केली, आणि मग स्वयंपाकघरात जाऊन हमसून हमसून रडले. आनंदाने म्हणाल तर हो, आणि संतापाने म्हणाल तर तेही. एवढीशी तर वाक्यं. पाच वर्षांत कधीही बोलता आली असती.