ताईंच्या मोबाइलमधला परका

मी शिवणवाल्या ताईंचा मोबाइल बोलतोय. जरा घाईतच बोलतोय, कारण माझ्या आत कुणीतरी शिरलंय आणि ते बोलू देईल तोवरच माझं बोलणं.

तीन वर्षांपूर्वी ताईंच्या धाकट्या भावाने मला त्यांच्या हातात ठेवलं. आठवडाभर त्यांनी मला रुमालात गुंडाळून जपलं. मग काय, कामाला जुंपलं! शिलाई मशिनशेजारी, कात्री आणि खडूच्या मधे माझी जागा. अंगावर सतत धाग्यांचे तुकडे. पण मला त्याचा अभिमान होता, खोटं कशाला बोलू.

गिऱ्हाइकांची नावं ताईंच्या लक्षात राहत नाहीत, अंगाची ठेवण आणि सवयी राहतात. म्हणून माझ्यात नंबर आहेत ते 'बोटनेक', 'उतरता खांदा', 'नेहमीची घाई' अशा नावांनी. बायका आरशासमोर उभ्या राहून अर्धवट शिवलेल्या कपड्यांतले फोटो पाठवतात, कुठे सैल होतंय, कुठे काचतंय ते ताईंना दिसावं म्हणून. असे फोटो त्या घरातही कुणाला दाखवणार नाहीत. ते सगळे, आणि सगळ्यांची मापंही, माझ्या पोटात आहेत.

आज सकाळी एका अनोळखी नंबरवरून निरोप आला, 'ताई, मापं पाठवलीत, फाइल उघडा.' अनोळखी नंबर म्हणजे ताईंच्या लेखी नवं गिऱ्हाईक. मी पडद्यावर लाल अक्षरांत ओरडलो, धोका आहे! त्यांनी 'तरीही उघडा' दाबलं. मग फाइलने परवानग्या मागितल्या. मेसेज वाचू? फोटो पाहू? ताईंचं लक्ष शिलाईवर. हो, हो, हो.

चूक माझीही आहे. एरवी मी दिवसातून दहा वेळा फालतू सूचना देऊन त्यांचं डोकं खातो, मग खऱ्या वेळी माझं कोण ऐकणार? आणि अपडेट मागितलं की 'नंतर' म्हणून त्यांनी मला इतक्यांदा वाटेला लावलंय की मी मोजणंच सोडलं.

तेव्हापासून तो परका एकेक फोटो उचलतोय. ताईंच्या नावाने तीच फाइल सगळ्या गिऱ्हाइकांना धाडतोय. मी नुसता तापलो, दुसरं काय करणार? "गरम झालाय मेला," म्हणत ताईंनी मला खिडकीत ठेवलं.

आत्ता 'उतरता खांदा' दारात आल्यात. शाळेत शिकवतात त्या.

"ताई, तुमची कसली फाइल आलीय? उघडू का?"

"मी कुठे पाठवली?"

बाईंनी मला हातात घेतलं, पाठवलेले मेसेज पाहिले आणि त्यांचा चेहरा पडला. "अहो, कुणीतरी शिरलंय यात! आधी नेट बंद करा."

ताईंनी बंद केलं. त्या परक्याने पुन्हा चालू केलं.

"पूर्ण पुसावा लागेल, ताई. आत्ताच्या आत्ता."

"पुसू कसा? सगळ्यांची मापं यातच आहेत हो! वहीत एक ओळ नाही."

बाईंनी सेटिंग उघडून मला ताईंच्या हातात दिलंय. पडद्यावर मी विचारतोय, 'सर्व काही पुसायचं का?' ताईंचा अंगठा 'हो'जवळ जातो आणि मागे येतो.

ताई, दाबा. विनवणी करायला मला हात नाहीत. पुसलात की मी तुम्हाला ओळखणारही नाही, तरी दाबा. मग एकेकीला तुम्हालाच सांगावं लागेल, बोलणी खावी लागतील. खा. मापं पुन्हा घेता येतील. गेलेले फोटो कुणाला परत मागणार? तुमच्या शेजारी उभ्या असलेल्या या बाईंचा फोटो त्याने आत्ता उघडलाय. ताई, दाबा!