पाठ झालेला तक्ता

चष्मेवाल्या काकांच्या दुकानातला डोळे तपासायचा तक्ता त्या रस्त्यावरच्या निम्म्या लोकांना तोंडपाठ होता, आणि सगळी पंचाईत तिथेच होती. माणूस खुर्चीत बसला, एक डोळा झाकला, की वरच्या भल्यामोठ्या अक्षरापासून तळाच्या मुंगीएवढ्या ओळीपर्यंत धडाधड म्हणून मोकळा. दिसत काही नसायचं. एक टेम्पोवाले तर चक्क डोळे मिटून म्हणायचे आणि वर विचारायचे, "काय काका, आहे ना नजर शाबूत?" काका त्यांच्याशी कडाकडा भांडायचे, पण तक्ता काही बदलायचे नाहीत.

त्याला कारण होतं. तो तक्ता काकूंनी हाताने रंगवलेला होता. काकू म्हणजे काकांच्या पत्नी, पाट्या रंगवणाऱ्याची लेक. तपासायची खोली ही एवढीशी. अक्षरं लांबून वाचून घ्यावी लागतात आणि लांब जायला जागाच नाही. म्हणून तक्ता खुर्चीच्या मागच्या भिंतीवर, बसणाऱ्याच्या डोक्यावर, आणि समोरच्या भिंतीवर आरसा. आरशात बघून वाचायचं, की अंतर आपसूक दुप्पट होतं. पण मग तक्त्यावर अक्षरं उलटी काढावी लागतात, तरच ती आरशात सुलटी दिसतात. काकूंनी ती सगळी उलटी अक्षरं कुंचल्याने, एक रेघ इकडची तिकडे न होऊ देता काढली होती. काकू गेल्या, तक्ता राहिला. आता असा तक्ता उतरवा म्हणून सांगायला कोणाची जीभ रेटणार?

धाकटी या दुकानात अर्धा दिवस कामाला होती. तिला धाकटी म्हणायची ती तिची थोरली बहीण. थोरली एकदा तिला डबा द्यायला दुकानात आली आणि "धाकटे, डबा" म्हणून ओरडली, तेव्हापासून काकाही तेच म्हणायला लागले. आता बाई तिशी ओलांडलेली, पण धाकटी ती धाकटीच.

सकाळी घरी ग्राफिक डिझाइनचा ऑनलाइन वर्ग, दुपारपासून दुकान. ऐकायला सोपं वाटतं. वर्ग संपतासंपता मॅडम नेमकं काहीतरी महत्त्वाचं सांगायला घ्यायच्या आणि इकडे घड्याळ डोळे वटारायचं. मग उरलेला धडा फ्रेमा पुसताना एका कानात लावून ऐकायचा आणि दुसरा कान गिऱ्हाइकाला द्यायचा. एकदा दुकानातूनच वर्गाला बसली होती आणि माइक बंद करायला विसरली. मॅडम तन्मयतेने रंगसंगती समजावतायत आणि सगळ्या वर्गाला हिचा आवाज, "नाकावर टोचतंय का? कानामागे? बरं, मान हलवून बघा." वर्गातले निम्मे जण माना हलवत होते म्हणे. तेव्हापासून तिने माइकच्या बाबतीत कानाला खडा लावला.

लॅपटॉप थोरलीचा होता. थोरली दवाखान्यात नर्स. दमूनभागून घरी आल्यावर तिला त्याच्यावर मालिका बघायची भारी हौस, पण बहिणीचा वर्ग सुरू झाल्यापासून तिने त्या हौसेवर पाणी सोडलं होतं. तोंडाने मात्र ऐकवायची, "माझ्या नायिकेचं लग्न झालं की मोडलं, मला ठाऊक नाही. तुझ्या त्या अक्षरांपायी." धाकटीला हसू यायचं आणि पाठोपाठ भरूनही यायचं. बहीण आहे म्हणून आपलं निभतंय, हे तिला पुरतं माहीत होतं.

मागच्या खेपेला हाच वर्ग तिला अर्ध्यावर सोडावा लागला होता. आईचं दुखणं निघालं आणि सगळंच बाजूला पडलं. आई आता सावरली होती, घरातल्या घरात हिंडूफिरू लागली होती. मॅडमनी नियमात बसवून तिला एकवार पुन्हा घेतलं, पण स्पष्ट सांगून ठेवलं होतं की आता पुन्हा सूट नाही. शेवटचं काम मान्य झालं तर पुढच्या वर्गात जायचं आणि शिकताशिकता बाहेरची कामंही मिळायची. राहिलं, तर राहिलंच.

आणि शेवटचं काम काय, तर खऱ्या माणसांच्या उपयोगाची एक वस्तू. नुसती पडद्यावर दाखवून भागणार नाही. मॅडमचा हट्ट असा की वर्ग चालू असताना सगळ्यांसमोर कोणीतरी ती वापरून दाखवायची.

धाकटीच्या डोक्यात पहिल्या दिवसापासून एकच वस्तू होती. नवा तक्ता. त्यात प्रत्येक ओळ वेगळ्या पट्टीवर, आणि पट्ट्या खाचेत सरकवून बसवायच्या. अक्षरं बदलायची, पट्ट्या बदलायच्या. कोण पाठ करतो बघूच. टेम्पोवाल्यांचा चेहरा आठवून ती मनातल्या मनात खूशही झाली. पण दाखवायची वेळ आली शनिवारी भर दुपारी, दुकानात पाय ठेवायला जागा नसते तेव्हा. आणि टांगायचा कुठे, तर काकूंच्या तक्त्याच्या जागी.

कितीतरी दिवस ती मूग गिळून बसली. शेवटी एका दुपारी काकांनी एक चष्मा तिच्यापुढे सरकवला. "हा स्क्रू तू बसव. शीक जरा." हल्ली बारीक स्क्रू सगळे तिच्याकडेच यायचे, शिकवायच्या नावाखाली. तिने स्क्रू बसवला आणि मान वर न करताच सगळं सांगून टाकलं.

काकांच्या कपाळावर आठ्या झरझर चढल्या.

"अर्धा तास फक्त," ती म्हणाली. "लगेच काकूंचा होता तसा लावून देईन."

"चांगला धडधाकट तक्ता आहे. अजून रोज सकाळी मी वाचतो. तळाच्या ओळीपर्यंत. तिच्या माघारी माझा नंबर तसूभर हललेला नाही." एवढं बोलून काका आत गेले. आतून आवाज आला, "बघू."

काकांचं बघू म्हणजे काय, ते देवालाही सांगता आलं नसतं. धाकटीने तेवढ्या एका शब्दावर पट्ट्या छापून आणल्या, चकाकी नसलेल्या पुठ्ठ्यावर, आरशात उजेड मारू नये म्हणून. शेजारच्या दुकानातली शिंपीणबाई खुर्चीत बसून वाचून दाखवायला तयार झाली. सगळं जमवलं आणि शनिवार उजाडेपर्यंत पट्ट्या खाचेत सरकवून बघत राहिली.

शनिवारी ती लॅपटॉप आणि पट्ट्या काखोटीला मारून पोचली, तर दुकानाचं शटर अर्धं खाली. तिला वाटलं, काकांना बरंबिरं नाही की काय. वाकून आत गेली. तपासायच्या खोलीची भिंत रिकामी होती. काकूंचा तक्ता स्वच्छ चादरीत गुंडाळून टेबलावर ठेवला होता, आणि काका स्टुलावर चढून खिळा ठोकत होते.

"तुझ्या पट्ट्या जड असतील म्हणून मोठा खिळा मारतोय," ते म्हणाले. "बघत काय बसलीस? गिऱ्हाइकांना मी चारनंतर बोलावलंय."

ज्या माणसाने स्वतःच्या तापातही शनिवारी दुकान मिटलं नव्हतं, त्याने तिच्यासाठी शटर ओढलं होतं. धाकटीने पुढे होऊन स्टूल धरून ठेवलं.

वर्ग सुरू झाला. कोणी बसच्या तिकिटाची खिडकी दाखवली, कोणी औषधांच्या बाटल्यांची लेबलं. धाकटीची पाळी आली तशी मॅडमनी तिने आधी पाठवलेली फाइल पडद्यावर उघडली. कोणीतरी फिसकन हसलं.

"अहो," मॅडम म्हणाल्या, "ही तर सगळी उलटी आहे."

धाकटीने पाहिलं. आणि गंमत बघा, तिला पहिल्यांदा काही चुकलेलंच दिसेना. दिवसरात्र त्या खोलीत वावरून उलटं अक्षर तिला सुलटंच वाटायला लागलं होतं. छापायची फाइल आणि दाखवायची फाइल अशा दोन केल्या होत्या, आणि पाठवताना डोळ्यांना जी बरी वाटली ती पाठवली. लक्षात आलं तेव्हा तिच्या तोंडचं पाणी पळालं.

"मॅडम, ती छापायची फाइल गेली. पण तक्ता उलटाच छापायचा असतो. म्हणजे, मी दाखवते."

तिने लॅपटॉप उचलला आणि तपासायच्या खोलीत नेऊन खुर्चीशेजारच्या स्टुलावर आरशाकडे तोंड करून ठेवला. आता वर्गाला आरसा दिसत होता, आरशात खुर्ची, आणि खुर्चीच्या वर तक्ता, सगळी अक्षरं सुलटी. हसणं थांबलं. "अच्छा," मॅडम हळूच म्हणाल्या. "छान. आणि वाचणार कोण?"

खुर्ची रिकामी होती. शिंपीणबाईने नेमका तेव्हाच निरोप धाडला होता की नवरीमुलगी पोशाख घालून समोर उभी आहे आणि शिवण उसवलीय, तेव्हा आता काही जमत नाही. धाकटी दाराकडे बघत राहिली. अर्ध्या शटरमधून रस्त्यावरचे नुसते पाय दिसत होते. आता धावत जाऊन कोणाला पकडून आणू, टेम्पोवाल्यांना आणू का, असं काहीबाही तिच्या मनात आलं.

तेवढ्यात काका पुढे झाले आणि खुर्चीत बसले. "मी वाचतो. होऊ दे."

तिचा जीव भांड्यात पडला. तिने सगळ्यांसमोर पट्ट्या काढल्या आणि त्याच मापाच्या, वेगळ्या अक्षरांच्या पट्ट्या बसवल्या. काकांनी एक डोळा झाकला आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली. वरचं अक्षर, दुसरी ओळ, तिसरी. पुढच्या ओळीला ते जरा रेंगाळले. त्याच्या पुढच्या ओळीत दोन अक्षरं वाचली, दोन्ही चूक. मग थांबले.

दुसरा डोळा झाकून पाहिला. मान पुढे काढून पाहिलं. चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. धाकटीला आधी वाटलं, आपलंच काही चुकलं, छपाई फिकी आली. मग तिला ते सगळे बारीक स्क्रू आठवले, आणि ती जागच्या जागी उभी राहिली. रोज सकाळी तळाच्या ओळीपर्यंत. काका वाचत नव्हते. काका म्हणत होते.

"धाकटे," काका आरशातूनच तिच्याकडे बघत म्हणाले, "खालची ओळ लहान केलीस का गं?"

खोटं बोलणं सोपं होतं. वर्ग बघत होता, मॅडम बघत होत्या, आणि म्हातारा माणूस भर दुपारी दुकान मिटून तिच्यासाठी त्या खुर्चीत बसला होता. पण त्यांनीच तिला शिकवलं होतं की खुर्चीतल्या माणसाला नजरेबद्दल खोटं सांगायचं नाही.

"नाही काका," ती हळूच म्हणाली. "काकूंनी काढली होती तेवढीच आहे. मी मोजून घेतली."

काकांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मग म्हणाले, "काढ पेटी."

तिने भिंगांची पेटी काढली. चाचणीची फ्रेम त्यांच्या नाकावर चढवली आणि एकेक भिंग घालून विचारत गेली, हे बरं की ते बरं, आता की मघाशी. मग एक भिंग बरोबर लागू पडलं आणि काकांनी तळाची ओळ वाचली. सावकाश, एकेक अक्षर, पहिल्यांदाच बघत असल्यासारखी. तसं ते ती खरंच पहिल्यांदाच बघत होते.

लॅपटॉपमधून मॅडम म्हणाल्या, "यापुढे मी काय बोलू? काम मान्य आहे. पुढच्या वर्गात भेटू. आणि काका, तुमचे आभार." कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच.

धाकटीने लॅपटॉप मिटला आणि आता तिला रडू आवरेना. पुढच्या वर्गात जायला मिळालं म्हणून, थोरलीच्या राहिलेल्या मालिकांसाठी, त्या मोठ्या खिळ्यासाठी. "काका, तुम्ही नसतात तर माझं काही झालं नसतं," ती म्हणाली.

"मी नसतो तर तुझं झालं असतं. तू नसतीस तर मी एक दिवस रस्त्यात कशाखाली तरी आलो असतो," काका म्हणाले. "पूस डोळे. चार वाजतील आता."

ती खुर्चीवर चढली आणि आपल्या पट्ट्या उतरवायला लागली, कबूल केल्याप्रमाणे. काकांनी तिला हातानेच थांबवलं. टेबलावरची चादर नीट केली, काकूंचा तक्ता उचलून छातीशी धरला.

"राहू दे तुझा तिथेच. हा मी घरी नेतो," ते म्हणाले. "घरी पाठ म्हटला तरी चालतं."