दोनाच्या जागी चार

त्या माणसाने पेरूची फोड सुरीच्या टोकाला लावून लेकालसमोर धरली.

"घे. घरच्या बागेतला आहे."

लेकालने फोड उचलून तोंडात टाकली. सुरी मात्र तिथेच राहिली, त्याच्या हनुवटीपासून वीतभर अंतरावर. गाडीच्या काचा वर होत्या. पुढच्या सीटवरचा ड्रायव्हर मान न वळवता रेडिओवरची गाणी बदलत होता. भर दुपारी, बेसबॉलच्या सरावाहून परतताना, पिंगतुंगच्या स्टेडियममागच्या गल्लीत त्यांनी त्याला "जरा बस रे" म्हणून हाक मारली होती, आणि तो बसला होता. नाही म्हणायचं त्याला सुचलंच नव्हतं.

"रविवारी सुरुवातीला चेंडू तुझ्या हातात असणार," तो माणूस म्हणाला.

"माझ्या? मी तर राखीव आहे. मला कोणी काही बोललं नाही."

"उद्या बोलतील." त्याने दुसरी फोड कापली. "पहिल्या दोन बॅटरना फुकट जाऊ दे. चार-चार चेंडू बाहेर टाक, ते आपोआप चालत पहिल्या बेसवर जातील. त्यानंतर तू आणि तुझा खेळ. आम्ही मध्ये पडत नाही."

लेकालने दाराच्या कडीकडे पाहिलं. त्या माणसाने तेही पाहिलं.

"पानायताई बऱ्या आहेत ना? रेल्वे फाटकाजवळच्या शाळेत शिकवतात त्या. सायकलवरून येतात-जातात. जपून चालवायला सांग. ट्रक फार वाढलेत त्या रस्त्यावर."

दुसऱ्या दिवशी कोचने त्याच्या पाठीवर थाप मारली. नेहमी चेंडू टाकणाऱ्या पिचरचा खांदा अचानक धरला होता, रविवारी लेकालने उतरायचं होतं. बावीस वर्षांच्या आयुष्यात ज्या वाक्याची त्याने वाट पाहिली, ते वाक्य ऐकताना तो कोचच्या हाताकडे पाहत होता. हे त्या माणसाला कालच कोणी सांगितलं? कोचने? मालिशवाल्याने? की कॅचर हुंगदादाने, जो आपल्या डब्यातल्या शेवया रोज अर्ध्या त्याला द्यायचा? कोणाजवळ तोंड उघडावं तेच त्याला कळेना.

त्याने ताइतुंगला, बहिणीला, पानायताईला फोन लावला.

"ताई, चार दिवस मावशीकडे जाऊन ये ना."

"वेडा झालास? रविवारी सगळी गल्ली माझ्या घरी टीव्ही बघायला येणार आहे. बाबांनी तर आत्तापासून पुढची खुर्ची अडवून ठेवलीये."

"मग सायकल नेऊ नकोस. बसने जा."

"का रे?"

"उगाच."

"मोठा खेळाडू झालास आणि बावळटच राहिलास," ती हसली.

फोन ठेवताना त्याचं ठरलं. एकदा वाकलो तर ही माणसं जन्मभर वाकवतील. चेंडू सरळ टाकायचे, सामना संपला की तडक ताइतुंग गाठायचं आणि बहिणीला आपणच कुठेतरी दूर न्यायचं. एवढं ठरल्यावर त्याला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

रविवारी तो मैदानाच्या मधल्या उंचवट्यावर उभा राहिला तेव्हा त्याला चेंडू हातात जाणवतच नव्हता. बोटं दुसऱ्याच कोणाची असावीत तशी. समोर हुंगदादा ग्लोव्ह उघडून बसला होता. त्याच्या मागे जाळी, जाळीमागे माणसं, आणि त्यातला प्रत्येक जण आपल्याकडेच बघतोय असं लेकालला वाटत होतं. त्याने सगळा जीव लावून सरळ चेंडू टाकला. तो बॅटरच्या पावलांपाशी मातीत आपटला.

दुसरा डोक्यावरून गेला. तिसऱ्याने हुंगदादाला आडवं झोपवलं. चौथाही बाहेर. पहिला बॅटर बॅट खाली टाकून चालत बेसवर गेला. त्याच्यामागून दुसराही गेला.

हुंगदादा धावत उंचवट्यावर आला.

"काय रे, भूत बघितलंस का?"

"दादा, बोटं धरत नाहीयेत."

"बोटांकडे बघू नकोस. माझ्या ग्लोव्हकडे बघ. दुसरं काही नाहीच म्हण या मैदानात."

लेकालने ग्लोव्हकडे बघितलं. सरळ टाक, सरळ टाक, असं ओठांतल्या ओठांत म्हणत राहिला. तिसरा बॅटरही चालत गेला. तिन्ही बेस भरले आणि चौथा चालत गेल्यावर समोरच्या संघाला आयती धाव मिळाली. पाचव्याने नाकासमोरून जाणाऱ्या चेंडूवर उगाच बॅट फिरवली, चेंडू उंच उडाला, कोणीतरी झेलला. कोच मैदानात आला आणि त्याने हात पुढे केला. लेकालने चेंडू त्यात ठेवला. त्याच्यामागून आलेल्या पिचरने पुढे धाव होऊ दिली नाही.

सामना संपायच्या आधीच तो बॅग उचलून मागच्या दाराने बाहेर पडला. गाडी तिथेच उभी होती. काच खाली गेली.

"दोन सांगितले होते, तू चार दिलेस! मन मोठं आहे गड्या तुझं."

"मी दिले नाहीत," लेकाल म्हणाला. आवाज फुटत नव्हता. "मी सरळ टाकत होतो."

ड्रायव्हरने पहिल्यांदाच मान वळवली. मग दोघेही हसत सुटले.

"शाब्बास! कोणी विचारलं तर हेच सांगायचं. अगदी अस्संच, रडवेल्या आवाजात."

महिनाभरात संघाने त्याला मोकळं केलं. त्याच्या नावापुढे राहिलं ते एवढंच: एक सामना, एक बॅटर बाद, चार फुकट गेलेले, एक धाव, नऊ डावांच्या हिशेबाने धावांची सरासरी सत्तावीस. थंडीत सामने विकणाऱ्यांची धरपकड सुरू झाली आणि त्यालाही बोलावणं आलं. त्याने सगळं खरं सांगितलं. अधिकाऱ्याने लिहिता लिहिता पेन खाली ठेवलं.

"म्हणजे त्यांनी सांगितलं, तू ऐकायचं नाही असं ठरवलंस, आणि घडलं मात्र त्यांनी सांगितलं तसंच. बरोबर?"

"हो."

"जा घरी," अधिकारी म्हणाला. त्याच्याविरुद्ध पुरावा नव्हता. त्याच्या बाजूनेही नव्हता.

तो ताइतुंगला परतला. दारासमोर एखादी गाडी हळू झाली तरी तो आतल्या खोलीत जायचा. एका सकाळी त्याचे वडील फुतोल घरामागे आले. समुद्रावर जाळी टाकण्यात हयात गेलेला माणूस. तरुणपणी गावच्या संघाचा कॅचर. हातात जुना ग्लोव्ह होता.

"गाव बोलतंय ते बोलू दे," ते म्हणाले. "हातच गेला तुझा. होतं असं. माझ्या चुलत भावाला एक दिवस जाळंच फेकता येईना, पुन्हा कधी आलंच नाही. चल, टाक. मला बघू दे."

ते गुडघे मोडून बसले. त्यांच्यामागे वालाचा वेल होता.

लेकालने टाकला. चेंडू ग्लोव्हमध्ये बरोबर मधोमध बसला. बाबांनी तो परत फेकला. दुसराही तिथेच गेला, सूत धरून मारल्यासारखा. बाबांनी या वेळी चेंडू लगेच परत केला नाही. ग्लोव्हमध्ये धरून ते त्याच्याकडे बघत राहिले, गाव बोलतंय ते खरंच की काय, असे.

"टाक," शेवटी ते हळूच म्हणाले.

लेकालने मनगट वळवलं. चेंडू बाबांच्या खांद्यावरून लांब गेला आणि वेलात घुसला.

बाबा उठले, गुडघे धरत गेले, पानं बाजूला करून चेंडू शोधून आणला. बनियनला पुसत पुसत परत आले तेव्हा त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी सैल झाला होता.

"बघ," ते म्हणाले. "म्हणत नव्हतो मी? हातच गेलाय रे तुझा."

"हो बाबा."

"असू दे. अजून एक टाक."

लेकालने तोही बाहेर टाकला.