मंगळवारच्या नऊ प्रती

"बरा चालला होता कॉम्प्युटर. उगाच ते अपडेटचं खूळ," बाबा, म्हणजे माझे सासरे, माझ्या खुर्चीमागे पुटपुटले. मला उद्देशून नव्हतं म्हणे. कानापासून वीतभर अंतरावरून दुसऱ्या कुणाला बोलणार?

काळ्या पडद्यावर चार पांढऱ्या ओळी येऊन थबकल्या होत्या आणि त्याला चालवणारं लिनक्स पुढे हलायला तयार नव्हतं. आत सासूबाईंचे तीनशे फोटो. नळ फुटला तेव्हा मूळ फोटोंचा कपाटातच लगदा झाला. त्याआधी बाबांनी एकेक करून ते स्कॅन केले होते म्हणून उरले. दुसरीकडे कुठेच नाहीत.

नवरा दारातूनच सल्ला देऊन गेला, सगळं पुसून नवं टाक. म्हटलं, आधी आतलं माणूस बाहेर काढू, मग घर पाडू.

हे मला कुणी शिकवलेलं नाही. चुकत, इंटरनेटवरच्या फोरममधल्या लोकांचे टोमणे खात जमवलंय. पेनड्राइव्हवरून दुसरं लिनक्स सुरू केलं. त्यातून आजारी डिस्क सुरू न करताही तिच्यात शिरता येतं. बाबा खोलीत येरझारा घालत होते. दर दोन मिनिटांनी, फोटो आहेत ना? आहेत, बाबा. पुन्हा फेरी, पुन्हा तोच प्रश्न.

फोटो होते. जेमतेम तीन जीबी. डिस्क मात्र काठोकाठ भरलेली, म्हणूनच अपडेट अर्ध्यात अडकलं होतं. बघते तर तेच फोटो सत्तर फोल्डरांत. 'प्रत', पुढे तारीख, वेळ. एकट्या मंगळवारी नऊ: दहा पाच, दहा चाळीस, सव्वाअकरा.

मान वर केली. मॉनिटरच्या कडेला माझ्याच अक्षरातली चिठ्ठी: 'फोटोंची प्रत ठेवली का?'

बाबा जन्मभर नकाशे आखत आले. प्रत काढल्याशिवाय मूळ कागद टेबलावरून हलू द्यायचे नाहीत. चिठ्ठी दिसली की प्रत काढायचे. दर वेळी पहिल्यांदाच.

बाबांच्या हातून दोनदा गॅस चालू राहिला तेव्हा नवरा म्हणाला, वय झालं. नणंदेला एका सकाळी चार फोन गेले, तर ती म्हणाली, करमत नसेल. आणि मी? मी चिठ्ठ्या लावल्या.

एक फोल्डर दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेतला, फोटो उघडून उघडून तपासले, मगच बाकीच्या प्रती पुसल्या. अडकलेलं अपडेट पुरं केलं. मागे पावलं वाजत नव्हती. प्रतींची ती यादी पडद्यावर होती तेव्हाच बाबांनी थांबून वाचली होती की काय, कोण जाणे.

कॉम्प्युटर सुरू झाला. पडद्यावर सासूबाई, उन्हात डोळे बारीक केलेल्या.

नवरा आलाच. "झाला? काय झालं होतं?"

"डिस्क भरली होती."

"कशाने?"

मी उगाच माऊस हलवला. असतं काहीबाही जुनं, म्हटलं.

बाबांनी चिठ्ठी नखाने सोडवली. तिची घडी घातली, पुन्हा उलगडली.

"मी भरली," ते म्हणाले. "तुम्ही दोघं त्यावर काही बोलत नाही, म्हणून मीही गप्प होतो. मी विसरायला लागलोय रे."