मास्तरांनी सगळ्यांचे अधिकार काढले

रंगाच्या कारखान्यात सर्व्हर सांभाळणाऱ्याला सगळे मास्तर म्हणत. साधा पासवर्ड बदलून मागितला तरी तो तासभर शिकवत बसे. सर्व्हरवर वाटेल ते बदलायची मुभा देणारे ॲडमिन अधिकार इथे खिरापतीसारखे वाटले गेलेत, हे लक्षात येताच त्याच्या अंगात सुधारक संचारला. सगळ्या सर्व्हरना एकदम लागू होईल असा नियम त्याने तयार केला: ॲडमिन फक्त आपला गट, बाकीचे सगळे बाहेर.

शेजारच्या टेबलावर त्याची मेहुणी बसायची. अख्ख्या डोमेनचा, म्हणजे सर्व्हरच्या साऱ्या जाळ्याचा, मुख्य ताबा तिच्याकडे होता.

"भाऊजी, आधी एकाच सर्व्हरवर करून बघा."

"आता तू मला शिकवणार?" म्हणत त्याने नियम लागू केला आणि ऐटीत चहाला गेला.

परत येऊन बघतो तर सर्व्हर त्यालाच आत घेईना. गट निवडताना त्याने तशाच नावाचा जुना, रिकामा गट निवडला होता. म्हणजे बाकीच्यांबरोबर स्वारी स्वतःही बाहेर!

एवढ्यात पॅकिंगच्या बाई धापा टाकत आल्या. "मास्तर, लेबलं छापायची थांबलीत! डबे कोरेच पुढे चाललेत, आत कुठला रंग आहे देव जाणे!"

लेबलांचा प्रोग्रामही त्याच अधिकारांवर चालतो, हे मास्तरच्या गावीही नव्हतं.

"नेटवर्कचा काहीतरी..." त्याने सुरुवात केली.

"मग तुमचं तोंड का उतरलंय?"

त्याने मुकाट्याने खुर्ची मेहुणीकडे वळवली. "अगं, मीच शेण खाल्लंय. मला आत घे."

मुख्य ताब्यामुळे तिची वाट उघडी होती. तिने नियमात योग्य गट घातला, लेबलांच्या प्रोग्रामचं खातं घातलं, आधी एका सर्व्हरवर तपासलं आणि मग बाकीच्यांवर सोडलं. छपाई सुरू झाली. पण कोऱ्या डब्यांचा ढीग तसाच होता.

"ते मी बघतो," मास्तर म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने काही न शिकवता बाह्या सावरल्या. एकेक झाकण उचकटायचं, काडी बुडवायची, रंग बघायचा. हिरवा, करडा, पुन्हा हिरवा. शर्टाचं पार वाटोळं झालं. थोड्या वेळाने मेहुणीही काडी घेऊन शेजारी येऊन बसली.

"भाऊजी, नाकाला निळा लागलाय."

त्याने नाक पुसलं, तो हाताचा पिवळा गालभर पसरला. मग मात्र दोघांनाही हसू आवरेना.