आईच्या नाकातला स्पंज

आईचा घोळणा फुटला तो धाकटीच्या घरी, आणि धाकटी तिला घेऊन आली ती माझ्याच वॉर्डात. नाक-कान-घशाच्या या वॉर्डात सिस्टर म्हणून माझे केस पिकले. पण आई आत आली ती धाकटीच्या खांद्यावर मान टाकून, नाकाला तिची ओढणी लावून. "ही होती म्हणून वाचले," हे तिचं पहिलं वाक्य. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

पुढे वाकवून बसवलं, नाक चिमटीत दाबून धरलं, तरी रक्त थांबेना. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू होत्या तिच्या. डॉक्टर म्हणाले, "सिस्टर, स्पंज घाला." हा स्पंज पाकिटातून निघतो तेव्हा पुठ्ठ्याच्या पट्टीसारखा चपटा आणि कडक असतो. कानासाठी असाच, पण इवलासा मिळतो. मलम लावून नाकाच्या तळाने एका दमात सरळ मागे सारायचा, मग सिरिंजने सलाइन सोडायचं. तो फुगतो आणि रक्त येतं ती जागा आतून दाबून धरतो. दुखतं. रेंगाळत घातला तर वाटेतच रक्ताने फुगून जास्त दुखतं, म्हणून हात भराभर चालवावा लागतो. मी चालवला.

"मेले गं," आई ओरडली आणि तिने धाकटीचा हात घट्ट धरला. रक्त थांबलं. स्पंजाचा दोरा मी तिच्या गालावर चिकटपट्टीने लावला.

"थोरलीचा हात पहिल्यापासून जडच," आई गेंगाण्या आवाजात धाकटीला म्हणाली. "तुझी वेणी घालायची तीसुद्धा ओढूनच."

पुढचे दोन दिवस धाकटी आईच्या उशाशी बसून होती. पाणी पाजायची, पाय चेपायची. शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "मुलगी असावी तर अशी." मी तेव्हा त्याच बाईची सलाइनची बाटली बदलत होते. धाकटीला साधा ताप बघता येत नाही. तिला येतं ते फक्त जवळ बसणं. मला तेवढंच कधी जमलं नाही, आणि तेच माझ्या डोळ्यांत खुपत होतं.

स्पंज काढायच्या सकाळी मी ट्रे घेऊन गेले, तर आईने तोंड फिरवलं.

"तू नको. हिला काढू दे."

"मला कसं जमेल गं आई?" धाकटी घाबरली.

"दोरा तर ओढायचाय. एवढंच ना गं, थोरले?"

"एवढंच," मी म्हणाले.

एवढंच नसतं. स्पंज वाळून आत चिकटतो. कोरडाच ओढला तर खपली निघते आणि रक्त पुन्हा सुरू होतं. आई कळवळेल, धाकटीची बोबडी वळेल, आणि मग दोघी माझ्या नावाने हाका मारतील. खोटं कशाला बोलू, ते चित्र मला फार आवडलं.

धाकटीने हातमोजे चढवले, तेही एका बोटात दोन बोटं घालून. दोरा धरला. आईने डोळे मिटले. तिच्या पापण्या थरथरत होत्या.

"थांब," मी म्हणाले. "आधी नाक पुसून घेते."

पुसायचं निमित्त करून मी सिरिंजमधलं सलाइन थेंबाथेंबाने स्पंजावर सोडलं. "गार लागतंय," आई कुरकुरली. तो मऊ पडेपर्यंत मी उगाच चादर सारखी केली, उशीचा अभ्रा ओढला, गालावरची चिकटपट्टी कडेकडेने सोडवली.

"आता ओढ. हळू, सरळ आपल्याकडे."

स्पंज अलगद बाहेर आला. रक्ताचा टिपूससुद्धा नाही. माझा जीव भांड्यात पडला.

आईने डोळे उघडले, नाकाने भरून श्वास घेतला आणि धाकटीचा हात गालाशी धरला. "कळलंसुद्धा नाही गं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बघितलंस? शीक जरा हिच्याकडून."

मी रिकामी सिरिंज ट्रेमध्ये ठेवली. "हो आई," म्हणाले, आणि धाकटीच्या हातातला स्पंज टाकायला घेऊन गेले.