चौथ्या मजल्यावरचे निरोप

मी एक जुना फोन आहे, मित्रांनो. जुन्या वस्तूंनी गरीब गाईसारखे बोलावे अशी रीत असली, तरी आज मी चिडूनच बोलणार आहे.

कारखान्यातून निघालो तेव्हा माझी काच लखलखत होती. एका शिंप्याने मला विकत घेतले. सुरुवातीचे माझे लाड काही विचारू नका. तो मला मऊ कापडाने पुसायचा आणि गिऱ्हाइकांना कौतुकाने दाखवायचा. पुढे मी कापडांच्या ढिगाखाली जाऊ लागलो. आता काचेला तडा गेला आहे आणि कडांत खडूची भुकटी बसली आहे. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. वापरली की वस्तू झिजायचीच.

माझा राग वेगळा आहे. आमच्या शिंप्याला दिवसभर एकच प्रश्न येतो, "कपडे झाले का?" त्याचे उत्तरही एकच, "उद्या नक्की." ते इतक्या वेळा लिहिले गेले की मला पाठच झाले. निरोप आला की मीच ते दोन शब्द पुढे करायचो आणि तो मशीनवरून मान न वळवता त्यांवर बोट टेकवायचा. "किती हुशार आहे हा," असे तो बायकोला सांगायचा. मीही शेफारलो होतो.

गेल्या महिन्यात जुना नंबर बंद पडला म्हणून त्याने नवा घेतला. हा नंबर पूर्वी एका लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याचा होता आणि एका इमारतीच्या लिफ्टमध्ये अजून चिकटवलेला होता. सोमवारी तिथल्या चौथ्या मजल्यावरच्या आजींचा निरोप आला. "दादा, लिफ्ट बंद पडलीय. यांना जिना उतरता येत नाही. गुरुवारी यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. कधी येताय?"

उत्तर गेले, "उद्या नक्की."

मंगळवारी त्यांनी लिहिले, "दिवसभर वाट पाहिली हो." उत्तर तेच. बुधवारी लिहिले, "उद्या नऊला निघायचंय, विसरू नका." उत्तर तेच. गुरुवारी संध्याकाळी निरोप आला, "तारीख गेली. आता दोन महिन्यांनी बोलावलंय. तोवर यांनी असंच चाचपडत राहायचं का? निदान आता तरी खरं सांगा, येणार आहात का?"

संतापाने मी तापलो होतो, आणि तरी पुन्हा तेच दोन शब्द पुढे केले. मला तेवढेच शिकवले होते. तो बोट टेकवणार, इतक्यात काज-बटणे करत बसलेल्या बायकोने मला उचलले आणि सगळे निरोप मोठ्याने वाचले.

"नंबर चुकलाय त्यांचा," शिंपी म्हणाला. "यात माझा काय दोष?"

"नंबर त्यांचा चुकला. उत्तर कोणी दिलं?"

मशीन थांबले. त्याने चष्मा लावला आणि एकेक अक्षर शोधत लिहिले, "मी शिंपी आहे, लिफ्टवाला नाही. तुमचे निरोप मी वाचलेच नव्हते. माफ करा."

आजींचे उत्तर आले. "हे सोमवारीच कळलं असतं, तर शेजाऱ्यांनी यांना खुर्चीत बसवून खाली नेलं असतं. तुम्ही येताय म्हणून मी कोणाला विचारलंच नाही."

मित्रांनो, माझी काच पुसा असे मी म्हणणार नाही. नवे कव्हरही नको. माझ्याकडे आलेला निरोप मात्र शेवटपर्यंत वाचा, आणि तो तुमचा नसेल तर तेवढे तरी कळवा. तुमच्या भरवशावर कोणीतरी दार उघडे ठेवून बसलेले असते. त्या आजोबांच्या दोन महिन्यांपैकी आज फक्त सहा दिवस झाले आहेत.